नाताळची सजावट उतरवताना: पहिल्यांदाच आवरणाऱ्यांसाठी

झाड सजवायला घरातले सगळे हजर असतात. उतरवायच्या दिवशी मात्र प्रत्येकाला बाहेरची कामं आठवतात आणि सगळं एकाच माणसावर येऊन पडतं. तो माणूस तुम्ही असाल आणि घरात नाताळची सजावट यंदा पहिल्यांदाच झाली असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. सुरुवातीलाच सांगून टाकते: हे घर मोकळं करण्याचं काम वाटतं, पण ते खरं पुढच्या डिसेंबरचं काम आहे. आज माळ कशी गुंडाळली, काचेचे गोळे कशात ठेवले, खोक्यावर काय लिहिलं, यावर अकरा महिन्यांनी तुमची संध्याकाळ सजवण्यात जाणार की गाठी सोडवण्यात, हे ठरतं. खालच्या बऱ्याच बारीकसारीक सूचना त्या संध्याकाळच्या सोयीसाठी आहेत.

कधी काढायची?

२५ डिसेंबरला नाताळ संपत नाही, सुरू होतो. ख्रिस्ती परंपरेत हा काळ बारा दिवसांचा धरतात. २५ तारखेपासून मोजलं तर ५ जानेवारीला बारावी रात्र येते आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी बाळ येशूचं दर्शन घेतल्याचा दिवस. कुणी २६ पासून मोजतं, त्यामुळे सजावट ५ ला उतरवायची की ६ ला, हा वाद दरवर्षी निघतो आणि दरवर्षी तसाच राहतो. कॅथलिक चर्चच्या उपासनेच्या दिनदर्शिकेत नाताळचा काळ येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. हा सण साधारणपणे ६ जानेवारीनंतरच्या रविवारी येतो. स्वीडनमध्ये १३ जानेवारीपर्यंत झाड ठेवायची पद्धत आहे. त्याहून जुना रिवाज २ फेब्रुवारीचा: नाताळपासून चाळिसावा दिवस, येशूच्या मंदिरातल्या समर्पणाचा सण. जी ऑर्थोडॉक्स चर्चं अजून ज्युलियन कॅलेंडर पाळतात, त्यांचा तर नाताळच ७ जानेवारीला असतो. तेव्हा शेजारच्या खिडकीतली चांदणी जानेवारीच्या मध्यावरही लुकलुकत असेल तर ते आळशी आहेत असं लगेच ठरवू नका.

बारावी रात्र उलटूनही सजावट राहिली तर अपशकुन होतो, असं इंग्लंडमध्ये मानत आले आहेत. अपशकुनाचं मला माहीत नाही. वाळलेल्या झाडाची मात्र धास्ती वाटते. खरं, कापून आणलेलं झाड असेल तर तारीख कॅलेंडरवर बघू नका, झाडावर बघा. एक फांदी बोटांत धरून टोकाकडे हलकेच ओढा. सुया हातात आल्या, किंवा वाकवल्यावर कडकन मोडल्या, तर झाड आजच बाहेर. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने केलेल्या चाचण्यांमध्ये वाळलेलं झाड एका मिनिटाच्या आत संपूर्ण पेटलेलं दिसतं. नियमित पाणी मिळालेलं झाड सहजी पेट घेत नाही. पाणी पिणं थांबवलेलं झाड आणि त्यावर गरम होणाऱ्या जुन्या बल्बांच्या माळा, ही जोडी एक दिवसही वाढवू नये.

प्लास्टिकचं झाड असेल तर घाई नाही. फक्त कामावर किंवा शाळेत परतायच्या आदल्या रात्री हे काढू नका. थकलेल्या हातून गोळे फुटतात आणि माळा तशाच खोक्यात कोंबल्या जातात. सकाळचा उजेड असलेला सुट्टीचा दिवस घ्या. पूर्ण दिवस मिळत नसेल तर एकेक खोली संपवा. सगळीकडून थोडं थोडं काढलेलं घर ना सणाचं दिसतं ना रोजचं, आणि तसंच आठवडाभर राहतं.

हात लावण्याआधी

फोटो काढा. झाडाचे तीन बाजूंनी, प्रत्येक सजवलेल्या भिंतीचा, खिडकीचा, आणि मुख्य म्हणजे वायरी कुठून कुठे नेल्या आहेत आणि कोणत्या प्लगमध्ये गेल्या आहेत त्याचा. शेवटचा फोटो कुणी काढत नाही, आणि नंतर सगळ्यात जास्त तोच लागतो.

मग सगळी रिकामी खोकी माळ्यावरून खाली आणा. सोबत साधा पांढरा टिश्यू पेपर, पुठ्ठ्याचे तुकडे, जाड मार्कर, कागदी टेप, दोनचार छोट्या झिपच्या पिशव्या, हातमोजे आणि एक जुनी चादर. चादर आत्ताच झाडाखाली पसरा. झाड काढताना पसरू म्हणाल तर तोवर सुया आणि चमकी खोलीभर झालेली असते.

झाडावरच्या वस्तू

सगळ्या माळांचे प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. जुन्या बल्बांना थंड व्हायला थोडा वेळ द्या.

क्रम लावण्याच्या उलटा: आधी शेंड्यावरची चांदणी, मग लोंबत्या वस्तू, मग रिबिनी आणि चमकीच्या झिरमिळ्या, सर्वांत शेवटी दिव्यांच्या माळा. वरून खाली या आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उतरवा. एकाच बाजूचं वजन आधी काढलं तर हलक्या स्टँडवरचं झाड कलंडतं. नाजूक वस्तू पहिल्या तासातच उरकून घ्या.

काचेचा गोळा वरच्या धातूच्या टोपीला धरून उचलू नका. ती टोपी आत दोन तारांच्या ताणावर नुसती अडकवलेली असते. ती निसटते आणि गोळा खाली जातो. गोळ्यालाच तळहातात घ्या. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाण्याने पुसू नका. असे गोळे जर्मनीतल्या थुरिंगियातल्या लाउशा गावात १९व्या शतकात फुगवायला लागले. त्यांची चमक काचेच्या आतल्या चंदेरी मुलाम्याची असते आणि रंग बाहेरून दिलेला असतो. ओल्या फडक्याने रंग उतरतो, टोपीखालून पाणी आत गेलं तर मुलाम्यावर डाग पडतात. गुंडाळायला वर्तमानपत्र घेऊ नका, शाई लागते. टिश्यू पेपर आम्लरहित मिळाला तर जुन्या वस्तूंसाठी तो घ्या. कप्प्याकप्प्यांचं खोकं उत्तम. नसेल तर गोळे थरांत ठेवून प्रत्येक थरावर पुठ्ठा घाला.

लाकडी, कापडी आणि मुलांनी केलेल्या वस्तू काचेपासून वेगळ्या ठेवा. कणकेच्या, बिस्किटाच्या किंवा धान्य चिकटवलेल्या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात गेल्या पाहिजेत, नाहीतर उंदीर आणि किडे आधी तिथेच पोचतात. त्यांतली एखादी फारच भुसभुशीत झाली असेल तर फोटो काढून तिला निरोप द्या.

झिरमिळ्यांबद्दल दोन गोष्टी. घरात मांजर असेल तर जमिनीवर एकही पट्टी राहू देऊ नका; मांजर ती दोऱ्यासारखी गिळतं, ती आतड्यात अडकते आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. दुसरी गोष्ट आजीआजोबांच्या खोक्यांतून आलेल्या झिरमिळ्यांची. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या शिशाच्या बनत. हातात घेतल्यावर जड आणि मऊ लागणाऱ्या, प्लास्टिकसारख्या न उडणाऱ्या पट्ट्या सापडल्या तर मुलांच्या हाती देऊ नका. हातमोजे घालून वेगळ्या पिशवीत भरा आणि घातक कचऱ्यात द्या.

दिव्यांच्या माळा

इथे वेळ द्या. बाकी सगळं घाईत उरकलं तरी चालेल, माळा नाही.

माळ झाडावरून काढताना तिचं मोकळं टोक शोधा आणि ज्या दिशेने गुंडाळली होती त्याच्या उलट झाडाभोवती फिरत काढा. एका जागी उभं राहून ओढली की फांद्या मोडतात आणि बल्ब सॉकेटमधून निसटतात.

काढलेली प्रत्येक माळ ठेवण्याआधी एकदा लावून बघा. पेटत नसेल तर निर्णय आजच घ्या. छोट्या बल्बांच्या बऱ्याच माळा एकसर जोडणीच्या असतात, त्यामुळे एक बल्ब सैल झाला की सगळी ओळ किंवा तिचा एक भाग अंधारात जातो. आधी प्लग काढा, मग सैल बल्ब दाबून बसवा. काही माळांच्या प्लगमध्ये छोटा फ्यूज असतो, तोही बघा. एवढ्यानं जमलं नाही तर ती माळ सोडून द्या. वायरचं आवरण चिरलेलं, सॉकेट वितळलेलं किंवा काळपट दिसलं तर दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका. टाकताना ई-कचऱ्यात, घरच्या केराच्या डब्यात नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवलेली बंद माळ पुढच्या वर्षीही बंदच असते. फक्त तेव्हा ती चालू माळांमध्ये मिसळलेली असते.

गुंडाळण्याची रीत: हाताच्या लांबीचा जाड पुठ्ठा घ्या, दोन्ही कडांना खाचा पाडा. प्लगच्या विरुद्ध टोकापासून सुरू करा म्हणजे प्लग सर्वांत शेवटी, बाहेर राहतो. डिसेंबरमध्ये न उलगडता माळ लावून बघता येते आणि प्लगकडून सुरुवात करून झाडावर चढवता येते. कोपर आणि अंगठ्यावर वेटोळी घालायची सवय असेल तर ती इथे सोडा. प्रत्येक वेढ्यागणिक वायरला पीळ बसतो आणि गाठी तिथूनच सुरू होतात. फार ताणूनही गुंडाळू नका. पुठ्ठ्यावरच लिहा: किती लांब, कोणत्या रंगाची, घरात की बाहेर, कोणत्या खिडकीला लावली होती.

सेलवर चालणाऱ्या माळा, मेणबत्त्या आणि रिमोट यांतले सेल काढाच. अल्कलाइन सेल पडून राहिले की त्यांतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, पांढरी भुकटी साचते आणि पट्ट्या गंजतात. तशी भुकटी आधीच दिसली तर हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

बाहेरच्या माळा कोरड्या दिवशी, उजेडात आणि खाली दुसरा माणूस उभा असतानाच काढा. शिडी भिंतीला टेकवताना तिचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर असावा. चार मीटरवर टेकणार असेल तर एक मीटर बाहेर. हात पोचत नाही म्हणून वाकू नका, खाली उतरून शिडी सरकवा. खिळ्यात अडकलेली माळ खालून हिसकवू नये. वायरचं आवरण फाटतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

झाड बाहेर काढणं

खऱ्या झाडाच्या स्टँडमध्ये पाणी असतं, हे बहुतेकांना झाड आडवं केल्यावरच आठवतं. आधी स्पंजने किंवा पंपाने पाणी काढा. मग स्क्रू सैल करून झाड चादरीवर आडवं करा, चादर गुंडाळा आणि दारातून बुंधा पुढे ठेवून न्या. अशाने फांद्या चौकटीला लागून शेंड्याकडे मिटतात. शेंडा पुढे घातलात तर त्या उलट्या उघडतात, अडकतात आणि उरल्यासुरल्या सुया तिथेच ढाळतात. जमिनीवरच्या सुया झाडूने भरा, कारण व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीत त्या आडव्या अडकून बसतात. हाताला लागलेली राळ साबणाने निघत नाही. थोडं खाद्यतेल चोळा, मग साबण.

हे झाड घरातल्या शेकोटीत जाळू नका. राळ भडकून जळते, ठिणग्या उडतात, आणि धुराड्यात साचलेला थर पेटण्याचा धोका असतो. तुमच्या भागात झाडं गोळा करून त्यांचा भुगा करत असतील तर तिकडे द्या. मात्र चमकीचा एक धागाही राहता कामा नये, आणि नकली बर्फाचा फवारा मारलेलं झाड बहुधा घेत नाहीत. अंगण असेल तर फांद्या कापून रोपांखाली आच्छादन म्हणून पसरता येतात. कुंडीतलं मुळांसकटचं झाड असेल आणि बाहेर कडाक्याची थंडी असेल तर ते एकदम उघड्यावर ठेवू नका. आठवडाभर थंड, आडोशाच्या जागी ठेवून मग बाहेर न्या.

प्लास्टिकच्या झाडाला कोरड्या फडक्याने पुसा आणि शेंड्याकडून सुटं करा. फांद्या दांड्याकडे दाबून प्रत्येक भाग कापडी पट्टीने बांधा. सुट्या, आकड्याच्या फांद्या असतील तर लांबीनुसार गठ्ठे करून त्यांवर रंगीत टेप लावा. मूळ खोक्यात ते परत बसवायचा हट्ट धरू नका. चेनची लांब पिशवी बरी.

गव्हाणी, मेणबत्त्या, रोपं

ख्रिस्तजन्माचा देखावा मी सर्वांत शेवटी काढायला सांगेन, आणि मनात असेल तर २ फेब्रुवारीपर्यंत ठेवाही. त्याला आग लागायची भीती नाही आणि जागाही थोडीच लागते. या देखाव्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो इथे मांडलेल्या जिवंत देखाव्यापर्यंत नेली जाते. मूर्ती एकेक गुंडाळा आणि मोजून ठेवा. बाळ येशूची मूर्ती सगळ्यांत लहान असते आणि टिश्यूच्या बोळ्याबरोबर नेमकी तीच केरात जाते, म्हणून तिला नाव लिहिलेली वेगळी डबी.

मेणबत्त्या गार जागी, आडव्या आणि एकमेकींना न चिकटतील अशा. टेबलक्लॉथवर सांडलेलं मेण आधी बर्फाने कडक करून खरवडा. उरलेल्या डागावर कोरा, न छापलेला कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

लाल पानांचं पॉइन्सेटिया फेकू नका. मूळ मेक्सिकोतलं हे झुडूप नीट जपलं तर वर्षानुवर्षं जगतं. पाणी बेताचं, उजेड भरपूर. पानं पुन्हा लाल व्हायला शरद ऋतूत आठ-दहा आठवडे रोज सुमारे चौदा तास सलग अंधार लागतो. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही त्यात व्यत्यय आणतो. तितका उपद्व्याप नको असेल तर हिरवं झुडूप म्हणून वाढू द्या, काही बिघडत नाही.

खोकी भरताना

पुढच्या वर्षी जे आधी लागणार ते वर. शिवाय एक खोकं वेगळं करून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘हे पहिलं उघडा’. त्यात एक्स्टेन्शन, टायमर, आकडे, जादा बल्ब आणि फ्यूज, कात्री, झाडाचे स्क्रू, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी आजच लिहा: दोन माळा कमी पडल्या, चांदणी जड होते, जिन्यावरची सजावट पायात येते, चिकटपट्टी भरपूर उरली आहे, आणू नका. दुकानातल्या झगमगाटात उभं राहिल्यावर यातलं काहीही आठवत नाही.

खोक्यावर नुसतं ‘नाताळ’ लिहून उपयोग नाही, सगळ्यांवर तेच असणार. ‘काच, झाडाचा वरचा भाग’, ‘खिडकीच्या माळा’ असं लिहा. काचेच्या खोक्यावर वजन नको. तापणाऱ्या पत्र्याखाली मेण वितळतं आणि गोंद सुटतो, ओलसर तळघरात कागद आणि कापड बुरसटतं. घरातल्या कपाटाचा वरचा कप्पा दोन्हींपेक्षा बरा. ओलाव्याची शंका असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका.

भेटवस्तूंचे कागद हातात चुरगळून बघा. बोळा तसाच राहिला तर रद्दीत, परत उलगडला तर त्यात प्लास्टिक किंवा फॉइल आहे, तो रद्दीत नको. चकाकीची भुकटी लावलेले कागदही बाजूलाच.

रोजच्या घरात परत

भिंतीवरच्या चिकट पट्ट्या समोर ओढू नका, रंगाचा पोपडा येतो. ओढून काढायच्या पट्ट्या भिंतीला समांतर, सरळ खाली, हळू ओढायच्या. साध्या टेपला आधी हेअर ड्रायरची ऊब द्यायची. चकाकीला झाडू नाही, ओलसर फडकं किंवा कपड्यांवरचा चिकट रोलर.

यानंतर खोली भकास वाटेल. दोन-तीन दिवस वाटणारच. डोळ्यांना महिनाभर गजबजाटाची सवय झालेली असते. त्या भरात नवीन वस्तू मागवू नका आणि सगळं फर्निचर जुन्या जागी लगेच ढकलूही नका. झाडासाठी सरकवलेली खुर्ची आता जिथे आहे तिथेच कदाचित बरी असेल. दिवस लहान आणि अंधारे असतील तर एक साधी पिवळसर माळ मागे ठेवा, कपाटावर किंवा बरणीत. ती नाताळची राहत नाही, नुसता दिवा होतो. मुलांना एकेक वस्तू वर्षभरासाठी आपल्या खोलीत ठेवायला द्या. रुसवा बराच कमी होतो.

नव्या वर्षाच्या उत्साहात याच दिवशी कपाटं उपसायला, फाइली लावायला घेऊ नका. ते वेगळं काम आहे आणि दोन्ही अर्धवट राहतात. त्याऐवजी आलेल्या भेटवस्तूंना घरात जागा द्या, उसन्या आणलेल्या खुर्च्या आणि भांडी परत करा, आभाराचे फोन करा. शुभेच्छापत्रांचे कोरे भाग कापून पुढच्या वर्षीच्या भेटवस्तूंवर नावाच्या चिठ्ठ्या म्हणून ठेवा. जागरणं झाली असतील तर झोपायची आणि उठायची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा; शाळेच्या पहिल्या सकाळी एकदम दोन तासांची उडी मुलांना झेपत नाही, मोठ्यांनाही नाही.

घरातलं कुणी त्या वर्षी गेलं असेल तर त्यांनी लावलेली चांदणी उतरवणं जड जातं. तेवढीच राहू द्या, बाकीचं काढा. तारखेचा कोणताही नियम इथे लागू नाही.

आणि फेब्रुवारीत सोफ्याखालून एक आकडा, पडद्यामागून एक लाकडी घंटा निघेल. त्यासाठी खोकी पुन्हा उतरवू नका. एका ड्रॉवरमध्ये ‘नाताळचं राहिलेलं’ असं पाकीट ठेवा, आणि ते कोणत्या ड्रॉवरमध्ये आहे हे पहिल्या खोक्यातल्या चिठ्ठीवर आत्ताच लिहून टाका.